मुलगी हिऱ्यातल्या खोटीवर पीएचडी करणार म्हणते, जाणकारांनी सांगावे

बीकेसीचा_असॉर्टर

नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक वाचनमात्र असतो. धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

मी हिऱ्याच्या कामात आहे. शेठ नव्हे, पगारी असॉर्टर, म्हणजे मालाची प्रतवारी लावणारा. ऑपेरा हाउसला पंचरत्नमध्ये लागलो, बाजार बीकेसीला हलला तसा मीही हललो. डोंबिवलीहून कुर्ला, तिथून शेअर रिक्षा, आणि मग दिवसभर पुडी उलगडायची, चिमट्यात पीस धरायचा, डोळ्याला लूप लावायचा. काळा ठिपका टेबलाखाली (वरच्या सपाट पैलूखाली) आहे की गर्डलजवळ (कडेजवळ), पीस ढगाळ आहे का, रंगात केप, म्हणजे पिवळी झाक, किती. खोट दिसली की भाव उतरला. आयुष्य यातच गेलं आणि घर यावरच उभं राहिलं.

मुलगी कलिनाहून एमएस्सी फिजिक्स झाली. नेट दिली, जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) निघाली. आता दोन ठिकाणी पीएचडीचं जमतंय. एक मुंबईतच, हिऱ्यातल्या ‘एनव्ही सेंटर’ नावाच्या खोटीवर, प्रयोगाचं काम. दुसरं बंगळुरूला, सिलिकॉन कार्बाइडमधल्या खोटींवर, सगळं कॉम्प्युटरवर. दोन्हीकडे शेवटी क्वांटम तंत्रज्ञान. जेवताना तिने तासभर समजावलं. मी म्हटलं, खोटीच बघायच्या तर माझ्या टेबलावर येऊन बस, रोज पोतंभर दाखवतो, पगारही मिळेल. ती हसली, पण आईला काही हसू आलं नाही.

गंमत सोडा. लॅबग्रोन आल्यापासून आमच्या बाजाराचं काय झालंय ते पेपरात येतंच. नैसर्गिक मालात कोणी सीव्हीडी, म्हणजे वायूपासून मशीनमध्ये वाढवलेला, पीस मिसळलाय का, हे शोधण्यात आता आमचा अर्धा जीव जातो. आणि पोरगी म्हणते त्याच सीव्हीडी मशीनमधल्या हिऱ्यावर जगभर संशोधन चाललंय. मला खरंच कळून घ्यायचंय. या कामात माणूस रोज करतो काय? मुंबईचं घ्यावं की बंगळुरूचं? पाच वर्षांनी तिशीला टेकलेल्या मुलीच्या हातात काय असेल? पुस्तकी उत्तर नको, जो त्यात आहे त्याने सांगावं.

ठाणेकर_सुहास

दादा, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. माझ्या भाच्याने फिजिक्समध्येच पीएचडी केली आणि आता डेटा सायन्सच्या नोकरीत आहे. तिथे एमएस्सीनंतर लगेच गेला असता तर आज फ्लॅट झाला असता. मुलगी हुशार आहे तर कोडिंगचा कोर्स करू द्या. क्वांटम वगैरे दर दहा वर्षांनी एक शब्द येतो.

चार_केल्विन

काका, मी मुंबईतच याच विषयात पीएचडी करतेय आणि आता थिसिस लिहायला घेतलाय. संस्थेचं नाव लिहीत नाही. सरांना मराठी येत नाही, पण त्यांच्या बायकोला येतं.

सुहासदादांचं उदाहरण खोटं नाही, पण पैसा हा एकच हिशेब असेल तर हा धागा इथेच संपतो. मुलगी जेआरएफ काढून बसलीय, म्हणजे तिने तो हिशेब केलेला असणार.

तर खोट. तुम्ही लूपमधून बघता तो ठिपका आमच्या मापाने प्रचंड मोठा. आमची खोट दोन अणूंच्या जागेत मावते. हिऱ्यातल्या अणूंच्या जाळीत कार्बनची एक जागा नायट्रोजनने घेतलेली आणि तिच्या शेजारची जागा रिकामी. हे झालं एनव्ही, नायट्रोजन-व्हेकन्सी. वरून एक जादा इलेक्ट्रॉन तिथे अडकला की ती आमच्या कामाची. हिरवा लेसर टाकला की ती लाल प्रकाश देते, ६३७ नॅनोमीटरपासून पुढे. अशी एकटी एक खोट सूक्ष्मदर्शकाखाली वेगळी काढून बघता येते हे १९९७ मध्ये जर्मनीत दाखवलं गेलं आणि तिथून हा सगळा प्रपंच सुरू झाला. तिच्यातल्या इलेक्ट्रॉनांना स्पिन, म्हणजे इवल्या चुंबकासारखा गुण, असतो, आणि स्पिन कुठल्या अवस्थेत आहे त्यावर लाल प्रकाश कमी-जास्त होतो. २.८७ गिगाहर्ट्झची मायक्रोवेव्ह दिली की प्रकाश मंदावतो. जवळ चुंबक आणला की ही एक फ्रीक्वेन्सी फुटून दोन होतात आणि दर गॉसला २.८ मेगाहर्ट्झ या हिशेबाने दोन बाजूंना सरकतात. पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र साधारण अर्धा गॉस, तेसुद्धा यात दिसतं. आणि हे सगळं साध्या खोलीत, एसीच्या तापमानाला. क्वांटम म्हणून जे जे मिरवतं त्यातल्या बहुतेकाला टोकाची थंडी लागते, म्हणून हिऱ्याचं एवढं कौतुक.

आता तुमच्या धंद्यातली गोष्ट सांगते, ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४. म्हणून आत गेलेला प्रकाश सहज बाहेर पडत नाही, आतल्या आत उलटत राहतो आणि पैलू बरोबर कापले की वरून लखलखतो. तुमचा धंदा यावर चालतो. आमचं नेमकं इथेच अडतं. एका खोटीचा प्रकाश म्हणजे मुळात मोजके फोटॉन, त्यातले बहुतेक सपाट पृष्ठावर आपटून परत आत जातात, साधारण पंचवीस अंशांपेक्षा तिरके गेलेले सगळे. वरून आणखी जाच म्हणजे एनव्हीच्या प्रकाशापैकी जेमतेम तीनेक टक्के नेमक्या ६३७ वर येतो. बाकीचा जाळीच्या थरथरीत मिसळून पसरट होतो आणि दोन खोटींना प्रकाशाने जोडायच्या कामाला निरुपयोगी ठरतो. त्यामुळे कोणी हिऱ्यावर आयन बीमने (भारित अणूंच्या झोताने) छोटा घुमट कोरतं, कोणी खांब उभे करतं, कोणी आरशांच्या मध्ये हिऱ्याचा पापुद्रा बसवतं. माझी पीएचडी विचारलीत तर क्वांटम थोडं आणि ‘प्रकाश बाहेर कसा काढावा’ हेच फार.

दुसरी गोष्ट. सीव्हीडी पीस पकडताना प्रमाणपत्रवाल्या प्रयोगशाळा ७३७ नॅनोमीटरची रेघ शोधतात, हे तुम्ही ऐकलं असेल. ती सिलिकॉनची. हिरा वाढवताना प्लाझ्मा रिअॅक्टरच्या क्वार्ट्‌झच्या खिडकीतून सिलिकॉनचे अणू सुटतात आणि हिऱ्यात जाऊन बसतात. नैसर्गिक हिऱ्यात ही रेघ फार क्वचित दिसते, म्हणून ती दिसली की तुमचा पीस बाद. आणि हीच खोट, सिलिकॉन-व्हेकन्सी, माझ्या थिसिसचं अर्धं पोट भरते. हिचा सत्तर टक्के प्रकाश एका नेमक्या रंगात येतो, एनव्हीसारखी उधळपट्टी नाही. २०२४ मध्ये हार्वर्डच्या गटाने बॉस्टन परिसरात जमिनीखालून गेलेल्या ३५ किलोमीटर फायबरमधून अशा दोन खोटींचे स्पिन एकमेकांत क्वांटम पद्धतीने गुंतवून (एन्टँगल करून) दाखवले. अडचण एवढीच की हिच्या स्पिनची आठवण टिकवायची तर हिरा एक दशांश केल्विनच्या आसपास, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम वर, न्यावा लागतो. साध्या द्रव हेलियमचे ४.२ केल्विनसुद्धा पुरत नाहीत. नाव चार केल्विन घेऊन मी इथे बसलेय, यावरून आमच्याकडे काय आहे आणि काय नाही ते ओळखा.

रोज काय करतो? सकाळी लेसर सुरू करून तासभर स्थिर होऊ द्यायचा, आरसे जुळवायचे, काल सापडलेली खोट आज पुन्हा शोधायची. ती जागची हलत नाही, पण टेबल, स्टेज, एसी सगळं हलतं. जुलै-ऑगस्टमध्ये डीह्युमिडिफायर बंद पडला की काचांवर दमट थर येतो आणि दिवस गेला. बारीक मोजणी रात्री करायची, कारण रात्री लिफ्ट, दारं आणि माणसं थांबतात. वायरिंगमधला ५० हर्ट्झचा गोंगाट तर पाचवीला पुजलेला. पायथनमध्ये कोड लिहायचा, तो उपकरणाशी बोलत नाही म्हणून वैतागायचं. सुहासदादा, कोडिंगचा कोर्स इथे फुकटात होतो!

आता मुद्द्याचं. गाइडला भेटायला जाल तेव्हा मुलीने फार हुशारीचे प्रश्न विचारू नयेत. एकच विचारावं: ‘सॅम्पल कुठून येतं?’ या विषयात सगळं स्फटिकावर ठरतं. नायट्रोजन अब्जात पाच भागांपेक्षाही कमी असलेला शुद्ध सीव्हीडी हिरा लागतो. त्यात मोजून नायट्रोजन मारायचा, मग निर्वातात आठशे अंशांना भाजायचं म्हणजे रिकाम्या जागा सरकत जाऊन नायट्रोजनला चिकटतात. कार्बनमध्ये १.१ टक्का कार्बन-१३ असतो, त्याच्या गाभ्याचा स्पिन खोटीच्या स्पिनला छळतो, म्हणून काम नाजूक असेल तर कार्बन-१२चाच हिरा लागतो. यातलं स्वतःच्या हातात किती आहे? हिरा परदेशातून विकत आणतात का, आयन मारायला कुठे पाठवतात, परत यायला किती महिने लागतात, एक तुटला तर दुसरा आहे का? ज्या गटाकडे स्वतः वाढवायची नाहीतर निदान स्वतः भाजायची आणि कोरायची सोय आहे, तिथला विद्यार्थी सहा महिन्यांत तीन चुका करून शिकतो. जिथे नाही, तिथला एकाच तुकड्याला जपत बसतो. विषय किती भारी आहे ते नंतर बघा.

सुपरसेल_५१२

चार_केल्विन यांच्याशी अर्धा सहमत. मी दुसऱ्या गोटातला, म्हणजे कॉम्प्युटरवाला. मूळ गिरगावचा, सध्या मुंबईबाहेर.

आमच्याकडे सॅम्पलची वाट बघणं नाही. पाचशे-बारा अणूंचा हिऱ्याचा ठोकळा कॉम्प्युटरमध्ये मांडायचा, त्यातला एक काढायचा, एक बदलायचा आणि क्वांटम यांत्रिकीने ऊर्जा काढायची. हा ठोकळा सर्व दिशांना पुन्हा पुन्हा मांडलेला असतो, त्यामुळे खोट स्वतःच्याच प्रतिमांना जाणवते. खोटीवर विद्युतभार असेल तर हे प्रकरण फारच चिघळतं आणि दुरुस्तीची गणितं घालावी लागतात. शिवाय नेहमीची स्वस्त पद्धत बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनांना मुभा नसलेला ऊर्जेचा पट्टा, कमी दाखवते. हिऱ्याचा खरा ५.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तो उत्तरात चारच्या आसपास येतो. मग महागडी हायब्रिड पद्धत, मग सुपरकॉम्प्युटरच्या रांगेत जॉब, मग चहा.

काकांच्या मनात हेही आलं असेल की या कामात हिऱ्याला सेमीकंडक्टर धरतात ते कसं. शुद्ध हिरा विजेला दाद देत नाही हे खरं, पण बँडगॅप रुंद असणं हाच त्याचा उपयोग. खोटीच्या ऊर्जापातळ्या त्या रुंद मोकळ्या पट्ट्यात एकट्या बसतात. एनव्हीचा लाल प्रकाश १.९४५ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, त्याला हिरा पारदर्शक. सिलिकॉन कार्बाइडचं तसंच, गॅप सव्वातीनच्या आसपास. त्यातली डायव्हेकन्सी, म्हणजे शेजारशेजारचे एक सिलिकॉन आणि एक कार्बन गायब, हिचा स्पिनही खोलीच्या तापमानाला हाताळता येतो, हे २०११ मध्ये दाखवलं गेलं. प्रकाश हजार नॅनोमीटरच्या पुढे, म्हणून फायबरमध्ये लाल प्रकाशापेक्षा कमी विरतो. आणि सर्वात व्यवहाराची गोष्ट: इलेक्ट्रिक गाड्यांच्या इन्व्हर्टरसाठी सिलिकॉन कार्बाइडच्या वेफर, म्हणजे पातळ चकत्या, कारखान्यात बनतात. नखाएवढ्या तुकड्यासाठी कोणाच्या पाया पडावं लागत नाही. साध्या सिलिकॉनमध्येही टी सेंटर म्हणून एक खोट आहे, १३२६ नॅनोमीटरला प्रकाश देते, तिच्यावर कॅनडात एक कंपनीच उभी आहे.

थिअरीत पेपर लवकर निघतो, घरी बसून कामही होतं. पण एक धोका आहे. कागदावर शंभर खोटी सुचवता येतात आणि त्यातल्या बहुतेक कोणी कधी बनवत नाही. बंगळुरूच्या सरांचे अलीकडचे पाच पेपर काढा आणि बघा, सहलेखकांत प्रयोग करणारं कोणी आहे का. नसेल तर मी मुंबई घेईन, आणि हे मी थिअरीवाला असून सांगतोय.

रिटायर्ड_मास्तर

तांत्रिक बाजू वरच्या दोघांनी छान मांडली. मी कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालो, माझे बरेच विद्यार्थी या वाटेने गेले. पैशाचं सांगतो, कारण आईच्या चेहऱ्यावर तेच असणार.

जेआरएफला २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी तिचीच एसआरएफ (वरची पायरी) झाली की ४२,०००, वर घरभाडं. दोन अधिक तीन मिळून पाच वर्षांची मुदत. प्रयोगाची पीएचडी पाचात क्वचित संपते, तेव्हा सहाव्या वर्षी पैसे कोण देणार हे गाइडना आधीच विचारावं. विचारण्यात लाज नाही. गाइडच्या प्रोजेक्टमधून सोय होते, पण प्रोजेक्ट असला तर! आजकाल असण्याची शक्यता बरी आहे. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, सहा हजार तीन कोटींचं, २०३०-३१ पर्यंतचं. त्याची चार केंद्रं केली, त्यांत सेन्सिंग आणि मेट्रॉलॉजीचं (सूक्ष्म मोजमापाचं), म्हणजे एनव्ही ज्या कामात सर्वात पुढे आहे त्याचं, आयआयटी मुंबईकडे आलं. मुलगी मुंबईत राहिली तर कुठल्याही संस्थेत असो, पवईतली आयआयटीची नॅनोफॅब्रिकेशनची (अतिसूक्ष्म रचना कोरण्याची) सोय बाहेरच्या संशोधकांनाही अर्ज करून वापरता येते. माटुंगा, कलिना, कुलाबा इथल्या संस्थांतल्या लोकांनी याचा जेवढा फायदा घ्यायला हवा तेवढा अजून घेतलेला नाही, असं माझं मत.

पुढे काय, तर पोस्टडॉक बहुधा परदेशात. ते नको असेल तर सेमीकंडक्टरची तपासणी उपकरणं बनवणाऱ्या कंपन्या आहेत. आणि असॉर्टरसाहेब, तुमच्या बीकेसीतल्याच प्रमाणपत्र देणाऱ्या प्रयोगशाळांना फोटोल्युमिनेसन्सचा (लेसर टाकल्यावर हिरा देतो त्या प्रकाशाचा) आलेख वाचू शकणारी माणसं लागतात. तो आलेख वाचायला मुलगी पहिल्याच वर्षी शिकेल.

बीकेसीचा_असॉर्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीला धागा दाखवला. ७३७च्या रेघेवर ती अडकली आणि म्हणाली, ‘बाबा, हे तुम्हाला कसं माहीत?’ आमच्या इथे मशीन आहे, माल त्यातून जातो, पीस बाद होतो एवढंच माहीत होतं. रेघ कशामुळे येते ते आज कळलं. यूव्ही दिव्याखाली काही नैसर्गिक हिरे निळे चमकतात, तेही नायट्रोजनमुळेच, असं तिने सांगितलं. इतकी वर्षं आम्ही त्याला नुसतं फ्लोरोसन्स म्हणून भावात टक्के कापत आलो.

सुहासजी, राग नाही. तुमचं म्हणणं तिच्या आईने मोबाइलवर पुढे पाठवलंय सगळ्या नात्यात.

बंगळुरूच्या सरांचे पेपर तिने काढले. प्रयोगवाला सहलेखक एकाच पेपरात आहे, आणि तोही परदेशातला. मुंबईच्या गाइडना ती पुढच्या आठवड्यात भेटणार आहे, सॅम्पलचा प्रश्न वहीत लिहून घेतलाय. सहाव्या वर्षाच्या पैशाचा मी लिहायला लावला.

चार_केल्विन ताई, एक विचारू का? आमच्या ओळखीत सुरतेचे एक सीव्हीडीवाले आहेत. त्यांच्याकडचे उरलेले तुकडे, दागिन्याच्या कामाचे नसलेले, मला सहज मिळतील. काही डायमंडव्ह्यूमध्ये (यूव्हीखाली हिऱ्याची चमक दाखवणारं मशीन) नारिंगी दिसतात, काही हिरवट. मुलीला सरावाला किंवा तुमच्या लॅबला यातले काही चालतील का? की कचराच?

चार_केल्विन

काका, कचरा काय म्हणता! नारिंगी दिसणारे ठेवा. तो रंग एनव्हीचाच, त्याच्या भाररहित रूपाचा, ५७५ नॅनोमीटरपासून सुरू होणारा. म्हणजे आत माल आहे. हिरवट दिसणारे बहुधा रंग सुधारायला जास्त दाबाखाली आणि तापमानाला भाजलेले असतात, त्यात एनव्ही मोडून दुसरीच खोट तयार झालेली असते, ते आम्हाला नकोत. पैलू पाडलेला पीसही नको, लेन्सखाली सपाट बसत नाही. पातळ चौकोनी प्लेट असेल, दोन्ही बाजूंनी पॉलिश केलेली, तर उत्तम. तीन मिलिमीटरची असली तरी चालेल.

संशोधनाच्या मापाने यात नायट्रोजन भलताच जास्त असणार, एकेकटी खोट वेगळी दिसणार नाही. पण हजारोंचा एकत्र प्रकाश मिळेल आणि २.८७ गिगाहर्ट्झचा खड्डा पहिल्याच दिवशी स्क्रीनवर उतरेल. मुलीला सुरुवातीला हेच हवं. आमच्याकडे नव्या मुलांना महागड्या हिऱ्याला हात लावू देत नाहीत.

लेसरने कापलेल्या कडा काळ्या असतील, ते ग्रॅफाइट. त्यासाठी तुम्ही काही करू नका, आम्ही आम्लात उकळून काढतो. तुमच्याकडे बॉइलिंगला देतात तेच, फक्त आमची आम्लं जरा जास्त वाईट आहेत. सुरतेच्या माणसाकडून एवढं मात्र लिहून घ्या: कुठला तुकडा मशीनच्या कुठल्या रनमधला, आणि वाढवताना नायट्रोजन सोडला होता का. नायट्रोजन सोडला की वाढ भराभर होते म्हणून बरेच जण सोडतात आणि सांगत नाहीत. पुडीवर तुम्ही जसं वजन आणि ग्रेड लिहिता तसं ते लिहा आणि मुलीबरोबर पाठवून द्या. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.